कामानिमित्त काशी

लग्नसराई तोंडावर आली की महाराष्ट्रातल्या साड्यांच्या दुकानांतली माणसे बनारसला खरेदीला निघतात. नवरीचा शालू बनारसचाच हवा, ही अपेक्षा मराठी घरांत अजून टिकून आहे. ती पुरवायची तर चौकाजवळच्या कुंजगलीत जाऊन गादीवर बसणे आले. पांढऱ्या चादरीवर एकामागून एक साड्या उलगडल्या जातात, जर पारखली जाते, भाव ठरतो, मोडतो, पुन्हा ठरतो. दिवस त्यातच जातो. संध्याकाळी माणूस गल्लीबाहेर पडतो तेव्हा परतीच्या गाडीला अजून अवकाश असतो. विश्वनाथाचे मंदिर तिथून पायी काही मिनिटांवर आणि गंगा त्याच्याही पलीकडे लगेच. घरी फोन लावला की उत्तर येते, ‘बरे झाले, आयतीच काशी घडली!’

आयती घडलेली काशी ही यात्रा होते का? संकल्प सोडलेला नाही, उपास केलेला नाही, गाडीभाडे दुकानाच्या खात्यावर पडले आहे आणि डोक्यात अजून जरीचे भाव घोळताहेत. अशा माणसाच्या गंगास्नानाला काय म्हणायचे? प्रश्न एकट्या साडीवाल्याचा नाही. फिरतीवर असलेला औषध कंपनीचा प्रतिनिधी, शाखेची तपासणी करायला आलेला बँकेचा अधिकारी, विद्यापीठात परीक्षक म्हणून आलेला प्राध्यापक, सगळ्यांच्या वाट्याला कधी ना कधी अनोळखी गावातली अशी मोकळी संध्याकाळ येते. तिचे काय करायचे हे ठरवताना बहुतेक जण ‘काय पाहण्यासारखे आहे’ एवढेच विचारतात. त्याआधी विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे: कामासाठी आलेल्या माणसाचे त्या गावाशी नाते काय?

धर्मशास्त्राने या माणसाची दखल फार पूर्वीच घेतली आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या आपल्या महाग्रंथाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा सविस्तर परामर्श घेतला. हा खंड १९५३ साली प्रसिद्ध झाला. काणे स्वतः मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणारे, त्यामुळे जुन्या वचनांतल्या अटी, अपवाद आणि मतभेद ते वकिलाच्या नजरेने वेगळे करून दाखवतात. कामानिमित्त तीर्थाला गेलेल्या माणसाबद्दल त्यांत दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे, दुसऱ्याकडून पैसे घेऊन त्याच्यासाठी यात्रा करणाऱ्याला फळाचा सोळावा हिस्सा मिळतो आणि दुसऱ्याच काही कामाला जाऊन ओघात तीर्थ करणाऱ्याला निम्मे फळ मिळते. दुसरे मत शंखस्मृतीचे. अन्य कारणाने तीर्थावर पोचलेल्याने स्नान अवश्य करावे, स्नानाचे फळ त्याला मिळेल, मात्र यात्रेचे फळ मिळणार नाही.

हा हिशेब आजच्या वाचकाला कोरडा वाटेल, पण त्यात मोठी समज आहे. शास्त्रकारांनी व्यापाऱ्याला घाटावरून परत पाठवले नाही. आलाच आहेस तर पाण्यात उतर, असेच ते म्हणतात. मात्र पोचणे आणि चालत जाणे यांतला फरक त्यांनी पुसूही दिला नाही. यात्रेचे फळ पाण्याबरोबरच घर सोडण्याला होते. निघण्याआधी उपास, गणेशपूजन, पितरांचे श्राद्ध करायचे, ज्यांचे देणे असेल त्यांचे फेडायचे, आणि मग परत येण्याची शाश्वती नसलेल्या वाटेला लागायचे. सुखरूप परतल्यावर गावाला मावंद्याचे जेवण घालायचे, कारण माणूस परतला हीच मोठी गोष्ट असे. विमानाने दोन-अडीच तासांत बाबतपूरला उतरणाऱ्याने यांतले काहीच केलेले नसते. त्याला निम्मे देणे हा उदारपणाच म्हणावा लागेल.

इस्लाममध्येही हा प्रश्न उभा राहिला होता. हजच्या दिवसांत व्यापार करावा की नाही, अशी शंका लोकांच्या मनात होती. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यातली १९८वी आयत त्यावर स्पष्ट आहे: यात्रेत ईश्वराची कृपा म्हणून उपजीविका शोधण्यात दोष नाही. ही सोय यात्रेला निघालेल्याने जोडीला व्यापार करण्याची आहे, आणि धर्मशास्त्रापुढचा माणूस व्यापाराला निघून जोडीला यात्रा करणारा आहे. दिशा उलटी असली तरी पोट आणि पुण्य एकाच रस्त्याने चालतात, हे दोन्ही परंपरांनी मान्य केले.

मराठीत या रस्त्याचे सर्वांत जिवंत चित्र विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरघोस मिळेल, अशी बातमी कोकणात पोचली आणि १८५७ साली काकांना बरोबर घेऊन ते उत्तरेकडे निघाले. हेतू सरळ कमाईचा होता. आजच्या भाषेत सांगायचे तर हा कामाचा दौरा होता. वाटेत बंडाची बातमी आली, देश पेटला, आणि दक्षिणेसाठी निघालेला भटजी झाशीच्या वेढ्यात सापडला. लूट, कत्तल, उपासमार त्याने डोळ्यांनी पाहिली. जमवलेले पैसे गेले. तरीही तो काशीला गेला, गंगेचे पाणी कावडीतून घेऊन पायी कोकणात परतला आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रसिद्ध केले. इतिहासाचे अभ्यासक ते झाशीच्या वर्णनासाठी वाचतात. पण धर्माच्या अंगाने वाचले तर त्यातली कावड सर्वांत महत्त्वाची. कमाई बुडालेल्या माणसाने आपल्या खांद्यावर नवे ओझे घेतले, आणि ते स्वतःसाठी नव्हते. कामाचा प्रवास यात्रेत कुठे बदलला असे विचारले तर गोडसे भटजींपुरते उत्तर या कावडीत आहे. त्यांच्या पुण्याचे निम्मे करायला कोण धजावेल?

निम्म्याच्या हिशेबापेक्षा अधिक कामाची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात सापडते. तिथे पुलस्त्य ऋषी भीष्माला तीर्थांचे माहात्म्य सांगताना आधी अट घालतात. ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत, जो मिळेल त्यात समाधानी आहे, ज्याला अहंकार नाही, जो रागावत नाही, खरे बोलतो आणि दान घेण्यापासून दूर राहतो, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. यज्ञाला साहित्य लागते, माणसे लागतात, पैसा लागतो. तो राजांनाच परवडतो. तीर्थ मात्र गरिबालाही साधते, असेही तिथे म्हटले आहे. या यादीत मंदिरांची संख्या नाही आणि किती तास घालवावेत हेही नाही.

दान घेऊ नये, ही अट कामानिमित्त आलेल्या माणसाने थांबून वाचावी अशी आहे. ज्याच्याकडून माल घ्यायचा तो व्यापारी परगावच्या गिऱ्हाइकाची सरबराई करतो. गाडी पाठवतो, रात्रीचे जेवण देतो आणि ‘दर्शनाची काळजी करू नका, आपला माणूस आहे आत’ असे प्रेमाने सांगतो. त्याचे प्रेम खोटे नसते. बनारसी माणसाला पाहुणचाराची हौस आहे. पण घेणाऱ्याने ओळखले पाहिजे की रांग चुकवून मिळालेले ते दर्शन हे घेतलेले दान आहे, आणि उद्या सकाळी गादीवर भाव ठरवताना त्याची परतफेड मागितली जाईल किंवा मनातल्या मनात दिली जाईल. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. विश्वनाथ मंदिरात ‘सुगम दर्शन’ नावाची पैसे भरून घेण्याची सोय मंदिरानेच ठेवली आहे. वय झालेल्या किंवा पाय दुखणाऱ्या माणसाने ती स्वतःच्या पैशाने खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे. सोलापूरचा शिक्षक, आऱ्याकडची म्हातारी, आंध्रातून आलेले अख्खे कुटुंब, हे सगळे रांगेत भेटतात. ज्या चालण्याचे फळ शंखस्मृतीने नाकारले ते थोडेफार कुठे वसूल होत असेल तर ते या दीड-दोन तासांच्या उभे राहण्यात.

गांधीजींनी १९०२ साली कलकत्त्याहून राजकोटला जाताना वाटेत एक दिवस काशीत काढला. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे हाल स्वतः अनुभवावेत म्हणून ते त्या वर्गाने निघाले होते. आत्मकथेत या दिवसाबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. निसरडी गल्ली, गलका, कुजलेली फुले पाहून त्यांचे मन विटले. मंदिराजवळच्या ज्ञानवापी विहिरीपाशी दक्षिणा द्यायची इच्छा नव्हती म्हणून त्यांनी एक पै पुढे केली, तेव्हा पंड्याने ती फेकून शिव्याशाप दिले. गांधीजींनी शांतपणे उत्तर दिले आणि शेवटी पंड्याने ती पै घेतलीच. इथे देव शोधला, पण सापडला नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो प्रामाणिक आहे आणि श्रद्धाळू वाचकाने तो झटकून टाकू नये. पुलस्त्यांच्या कसोटीवर मात्र त्या एका दिवसाकडे पाहिले तर राग न धरणारा, खरे लिहिणारा आणि फुकटचे काही न घेणारा हा प्रवासी उत्तम यात्रेकरू ठरतो.

या शहराने तीर्थाच्या माहात्म्यावरचा सर्वांत कडक आक्षेपही जन्माला घातला आहे. कबीर इथलाच, जातीने जुलाहा, पोटासाठी मागावर बसणारा. काशीत मेल्याने मोक्ष आणि मगहरमध्ये मेल्याने गाढवाचा जन्म, अशी लोकांची समजूत होती, म्हणून अखेरच्या काळात तो मुद्दाम मगहरला जाऊन राहिला आणि तिथेच गेला, असे परंपरा सांगते. मगहरचा आजचा जिल्हा त्याच्याच नावाने, संत कबीर नगर म्हणून ओळखला जातो. कबीराचे म्हणणे खरे मानले तर निम्मे, सोळावा हिस्सा, सगळेच हिशेब कोसळतात. जागा काही देत नाही. मग फिरतीवरच्या माणसाने खोलीत बसून टीव्ही पाहिला काय आणि घाटावर गेला काय, सारखेच?

सारखे नाही. कबीराने जागेचा भरवसा सोडला, तो तिथल्या माणसांकडे पाठ फिरवण्यासाठी नव्हे. त्याच्याबद्दलची आवडती कथाही एका घाटावरची आहे. पहाटेच्या अंधारात पंचगंगा घाटाच्या पायरीवर तो आडवा झाला, स्नानाला निघालेल्या रामानंदांचा पाय त्याला लागला, त्यांच्या तोंडून रामनाम निघाले आणि तोच त्याने गुरुमंत्र मानला. काशीने त्याला मोक्षाची हमी दिली नसेल, गुरू मात्र दिला.

तुलाधाराची कथाही याच शहराची. शांतिपर्वात जाजली नावाचा एक उग्र तपस्वी आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे बांधले, अंडी घातली, पिले मोठी होऊन उडून गेली, तरी तो हलला नाही. मग त्याला वाटले, आपल्याला धर्म साधला. तेवढ्यात त्याने ऐकले की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली चालत वाराणसीला आला. समोर तपस्वी नव्हता, दुकानात बसून सुगंधी द्रव्ये, लाख, लाकूड, रस विकणारा वाणी होता. तुलाधाराने त्याला सांगितलेला धर्म थोडक्यात असा: कुणाला फसवून घेत नाही, फसवून देत नाही, कुणाशी वैर नाही, आणि माझा तराजू सर्वांना सारखा आहे. हजारो यात्रेकरू ज्या गावात पाण्यासाठी येतात तिथे महाभारताने एका तपस्व्याला बाजारात पाठवले, याचा विचार व्हायला हवा.

कामानिमित्त आलेल्या माणसाची यात्रा अर्धी राहते, कारण दिवसाचा मोठा भाग तो तीर्थाच्या नियमांबाहेर ठेवतो. गादीवर एक माणूस आणि घाटावर दुसरा. आणखी चार देवळे पाहून हे अंतर भरत नाही. दिवसाच्या कामातच पुलस्त्यांच्या अटी आणि तुलाधाराचा तराजू आणावा लागतो.

शालूच्याच व्यवहारात पाहा. बनारसी साडी मदनपुरा, पिली कोठी, लल्लापुरा अशा मोहल्ल्यांत विणली जाते. विणकर बहुतांशी अन्सारी मुसलमान, कबीराच्याच धंद्यातले. हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर त्यात पाय सोडून बसतो आणि वर जॅकार्डच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर नक्षी चढवलेली असते. कढुआ कामात प्रत्येक बुट्टी वेगळी काढली जाते, मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत, म्हणून एका साडीला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात. या साडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही यंत्रमागावरचे कापड हातमागाचे म्हणून विकण्याचा धंदा थांबलेला नाही, आणि त्याचा फटका आधी विणकराला व मग नवरीच्या घराला बसतो. महाराष्ट्रातल्या दुकानदाराने गादीवरच्या व्यापाऱ्याला विचारून एक दुपार विणकराच्या घरी घालवावी, माग पाहावा, एका साडीला किती दिवस लागले आणि हातात किती पडले हे विणकराच्याच तोंडून ऐकावे. मग गावी परतल्यावर हातमागाला हातमाग आणि यंत्रमागाला यंत्रमाग म्हणून विकावे. हे केवळ धंद्याचे शहाणपण वाटेल. तुलाधाराच्या शहरात ते तीर्थकर्म आहे.

बौद्ध परंपरेला तर व्यापाराचा प्रवास अजिबात परका नाही. बोधी प्राप्त झाल्यावर बुद्धाला पहिला आहार दिला तो तपुस्स आणि भल्लिक या दोन वाटसरू व्यापाऱ्यांनी. भाताचे वडे आणि मध त्यांच्याजवळ होते, ते त्यांनी दिले आणि ते पहिले उपासक झाले. श्रावस्तीचा सुदत्त, ज्याला लोक अनाथपिंडिक म्हणत, तो व्यापारासाठी राजगृहाला आपल्या मेहुण्याकडे उतरला होता. एरवी मेहुणा त्याच्या स्वागताला धावायचा. त्या दिवशी त्याला बोलायलाही फुरसत नव्हती, घरात मोठ्या जेवणाची धांदल चाललेली. लग्न आहे की राजा बिंबिसार येणार आहे, असे सुदत्ताने विचारले. उद्या बुद्ध आणि भिक्षुसंघ जेवायला येणार, असे उत्तर मिळाले. रात्रभर त्याला नीट झोप आली नाही. उजाडण्याआधीच तो उठून शीतवनात गेला आणि तिथे बुद्धाला भेटला. पुढे श्रावस्तीला जेतवन विकत घेण्यासाठी त्याने जमिनीवर नाणी अंथरली, ही गोष्ट भारहुतच्या शिल्पातही कोरलेली आहे.

सुदत्ताकडून घेण्यासारखी गोष्ट त्याच्या दानाहूनही साधी आहे. परगावी उतरल्यावर त्याने यजमानाच्या घरातली धांदल पाहिली आणि विचारले, हे काय चालले आहे? स्वतःचा मान राखला गेला नाही म्हणून तो रुसून बसला नाही. अनोळखी गावात कामाला आलेल्या माणसाने करायची पहिली गोष्ट हीच. लॉजच्या गल्ल्यावरच्या माणसाला, रिक्षावाल्याला, गादीवरच्या मुनिमाला विचारावे की आज तुमच्याकडे काय आहे. काशीत बहुधा काहीतरी असतेच: कुठे रामलीला, कुठे एखाद्या मोहल्ल्याचा शृंगार, कुठे कथा, कुठे उर्स. छापील यादीत ते सापडत नाही.

बनारसीदास हा जैन व्यापारी या बाबतीत आणखी एक दार उघडतो. त्याचा जन्म १५८६ मध्ये जौनपूरला झाला. पार्श्वनाथ तीर्थंकरांची जन्मभूमी बनारस, आजही तिथे भेलूपूरला त्यांचे मंदिर आहे, म्हणून त्याला हे नाव मिळाले. ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र त्याने १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लिहिले. घरचा माल घेऊन तो आग्र्याला गेला आणि धंद्यात बुडाला. खिशात काही उरले नाही. तेव्हा संध्याकाळी तो उतरलेल्या जागी बसून ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथाकाव्यांचे वाचन करू लागला. ऐकायला माणसे जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या खात असे. एक दिवस त्याने एकांतात कबूल केले की आपल्याजवळ पैसे नाहीत आणि पुढे कधी येतील याचा भरवसा नाही. कचोरीवाला म्हणाला, खात राहा, पैशाबद्दल कुणी बोलणार नाही. महिनोन्‌महिने हे चालले, आणि हातात पैसे आल्यावर बनारसीदासाने हिशेब चुकता केला.

पुढे कुंदकुंदाचार्यांचे ‘समयसार’ त्याच्या हाती आले, याच आग्र्यात अध्यात्माची चर्चा करणाऱ्या श्रावकांची मंडळी भेटली आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. जैन परंपरेत आज त्याचे नाव घेतले जाते ते या वळणामुळे. आग्रा जैनांचे काही मोठे तीर्थ नव्हते. व्यापारी तिथे बाजारासाठी जात. तरी एका फिरत्या व्यापाऱ्याला तिथे अध्यात्माची संगत मिळाली, आणि त्याआधी एका कचोरीवाल्याचा विश्वास मिळाला. परक्या गावात उघडे बोलण्याची आणि आपल्याजवळचे काही, निदान एखादी कथा तरी, देण्याची तयारी त्याच्याकडे होती. देवळांची यादी हातात घेऊन धावणाऱ्याला हे मिळत नाही.

आता काशीतल्या त्या मोकळ्या तासांबद्दल. संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती बहुतेक जण पाहतात. ती पाहावी, पण सगळे बळ पहाटेसाठी राखून ठेवावे. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे, घाट पश्चिम काठावर पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत, त्यामुळे सूर्य थेट समोरून उगवतो. दशाश्वमेधाला लागूनच अहिल्याबाई घाट आहे. आजचे विश्वनाथ मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनीच उभारले. तिथून उत्तरेला चालत निघावे. मानमंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे. पुढे मणिकर्णिका, जिथे चिता थांबत नाहीत. तिथे फोटो काढू नयेत, बाजूने शांतपणे जावे किंवा क्षणभर उभे राहावे. त्याला लागून शिंद्यांचा घाट, मग भोसल्यांचा आणि पुढे पंचगंगा, जिथे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने उभे राहिलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे. ही सारी चाल दीडएक किलोमीटरची. त्यापुढे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट, पिढ्यान्‌पिढ्या काशीकर झालेल्या मराठी कुटुंबांची वस्ती. पावसाळ्यात नदी चढली की पायऱ्या बुडतात आणि घाटाघाटाने जाता येत नाही, तेव्हा वरच्या गल्ल्यांतून जावे.

या वाटेवर मराठी माणसाला आठवायला बरेच आहे. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली इथेच पूर्ण केले. त्याच शतकात पैठणहून आलेल्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी प्रयाग, काशी, गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला, जो पुढच्या यात्रेकरूंचा आधारग्रंथ ठरला. शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्यांचेच पणतू. ज्ञानवापीवरचा मंडप १८२८ मध्ये बायजाबाई शिंद्यांनी बांधवला, म्हणजे गोडसे भटजींना ज्यांच्या यज्ञाने घराबाहेर काढले त्याच बायजाबाई. पण या अभिमानावर थांबून चालणार नाही. ही सगळी माणसे काशीला काही द्यायला आली: ग्रंथ, घाट, मंदिर, मंडप. आजच्या प्रवाशाला घाट बांधता येणार नाही. नावाड्याशी घासाघीस न करता ठरल्याप्रमाणे पैसे देता येतील, निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पाण्यात न टाकता परत आणता येईल, विणकराला त्याच्या कामाचे पुरते मोल देता येईल. पंचक्रोशीची पाच दिवसांची परिक्रमा दौऱ्यात बसत नाही, तिची हळहळ करू नये.

आणखी अर्धा दिवस मिळाला तर सारनाथला जावे. शहरापासून ते दहाएक किलोमीटरवर आहे. बुद्धाने पहिला उपदेश इथे केला, आणि वाराणसीच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा यश, सुखाला उबगून रात्री घराबाहेर पडला तो इथेच येऊन पोचला. त्याला शोधत आलेला त्याचा बाप बुद्ध, धम्म आणि संघ अशा तिन्ही रत्नांना शरण गेलेला पहिला गृहस्थ ठरला. धामेक स्तूपाभोवती देशोदेशींचे भिक्षू प्रदक्षिणा घालत असतात, त्यांच्या मागून चालायला कुणाची आडकाठी नसते. १९०५ सालच्या उत्खननात सापडलेला अशोकाचा सिंहशीर्ष, जो पुढे आपली राजमुद्रा झाला, तो जवळच्याच संग्रहालयात आहे. प्रत्येक नोटेवर छापलेले ते सिंह तिथे दगडात पाहताना व्यापाऱ्याने थोडा वेळ काढावा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेव्हा खरेदीच्या दौऱ्यातली मोकळी सकाळ शुक्रवारी येणार नाही, एवढे तिकीट काढतानाच पाहून घ्यावे.